बिडीच्या पानाची खूण

आमच्या पेठेत तालमीशेजारी एका खोलीचं वाचनालय होतं आणि तिथं विरुपाक्षअण्णांचं राज्य होतं. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण तिची काही गरज नव्हती. अण्णांचे डोळे पुरेसे होते. मी एकदा पेपरातली बातमी शेजाऱ्याला वाचून दाखवली, तर त्यांनी माझ्या हातातला पेपरच काढून घेतला. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला तर ते चोरच समजत.

त्यांचं खरं भांडण ईश्वरशी. ईश्वर गिरणीत मागावर होता. बायको नागूबाई घरी बिड्या वळायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पाळी सुटली की हा तिच्या सुपाजवळ बसून कादंबरी वाचून दाखवायचा आणि खूण म्हणून सुपातलंच बिडीचं पान आत घालायचा. परत आलेल्या पुस्तकाला तंबाखूचा वास यायचा.

"ईश्वर, हे वाचनालय आहे, पानपट्टी नव्हे!" अण्णा ओरडायचे.

तो हसायचा. "जाड द्या अण्णा. घरात लई शांत असतंय."

ईश्वर-नागूबाईचा एकुलता पोरगा तापानं गेला होता, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. अण्णा मग पुटपुटत जाडंसं पुस्तक काढून द्यायचे.

बहात्तरचा दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या वर्षी ईश्वरची छाती बिघडली आणि हिवाळ्यात तो गेला.

दिवस उरकल्यावर नागूबाई वाचनालयात आली. बायका तिथं येत नसत, त्यामुळं आम्ही सगळे पेपरावरून बघतच राहिलो. तिनं पदराखालून पुस्तक काढलं.

"ह्यांनी नेलेलं. थोडंच ऱ्हायलंय. शेवटाला काय झालं, तेवढं सांगता का अण्णा?"

बिडीचं पान पुस्तकातून डोकावत होतं. मला वाटलं, आता बाईला पाटी दाखवली जाणार. अण्णांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा की," म्हणाले, चष्मा लावला आणि खुणेपासून चक्क मोठ्यानं वाचायला लागले. गोष्टीतली आई मेलेल्या मुलाचा सदरा छातीशी धरून रडत होती. एवढं झाल्यावर नागूबाई हळूच म्हणाली,

"न्हाय अण्णा. पोरगं बरं झालंय की. शिकायला पुण्याला गेलंय. ह्यांनी असंच वाचलंय."

अण्णा थबकले. मागची पानं चाळली. ती कादंबरी मीही वाचली होती. पोरगं केव्हाच मेलं होतं, तेही तापानं. ईश्वरनं ते बायकोला वाचूनच दाखवलं नव्हतं. त्यापुढची सगळी कादंबरी हा माणूस गिरणीतून दमून येऊन स्वतःच्या मनानं रचत होता.

"माझंच चुकलं," अण्णा म्हणाले. "भलतंच पान काढलं."

आणि पुस्तक समोर धरून ते पुढं 'वाचू' लागले. पोरगा शिकला, नोकरीला लागला, एसटीनं गावाकडं निघाला. अण्णा अडखळत होते, घाम पुसत होते. गोष्ट रचण्याचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी पोरगा दारात आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, भूक लागलीय, भाकरी वाढ. तिथं अण्णांनी पुस्तक मिटलं.

खोलीत कुणी पेपर वाचत नव्हतं. नागूबाई डोळे पुसत उठली.

"लई चांगलं वाचलं अण्णा. ते बी असंच वाचायचे. पुस्तक हातात, अन् नजर भिंतीकडं. मला दिसायचं की. पर मी कदी बोलले न्हाय. त्यांना बी पोरगं जितं पायजे व्हतं."

दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"आज पोरगं घरला आलं अण्णा. अन् ऐकायला तेच न्हाईत."