ब्रेकचा नियम मी लिहिला

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात माझ्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे एका कारखान्याचा हजेरीचा प्रोग्राम. तो फॉक्सप्रो या जुन्या संगणकभाषेत होता, मला तो पायथॉनमध्ये आणायचा होता. सर म्हणाले, "मक्षिका स्थाने मक्षिका. जुनं जे करतं तेच नव्यानं करायचं. डोकं घरी ठेवून ये."

तिसऱ्या दिवशी तो नियम सापडला. कंत्राटी कामगाराचे सलग दोनशे चाळीस दिवस भरले की तो कायम होण्याचा हक्क मागू शकतो. म्हणून दोनशे तेहतीस भरताच प्रोग्राम त्याचं नाव ब्रेकच्या यादीत टाकत होता. म्हणजे काही दिवस घरी बसायचं, मग पुन्हा एकपासून मोजणी. कारखाने ब्रेक देतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तो असा चार ओळींत, थंडपणे लिहिलेला पहिल्यांदाच पाहिला. संतापानं कानशिलं तापली. आणि तरी मी त्या चार ओळी पायथॉनमध्ये लिहिल्या. मी फक्त भाषा बदलतेय, असं स्वतःला सांगितलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दोन्ही प्रोग्रामची उत्तरं ताडून पाहताना लक्षात आलं की जुना प्रोग्राम दिवस कार्डाच्या नंबरावर मोजतो. कार्ड हरवून नवं मिळालं की मोजणी शून्यावर. माणूस म्हणजे कार्ड नव्हे, असं मी सरांना तावातावानं सांगितलं आणि मोजणी आधार नंबरावर बांधली. ज्यांची मोजणी त्यामुळे बदलली, त्यांच्या नंबरांचा तक्ता कारखान्याला गेला.

"डोकं आणलंसच की सोबत!" सर हसले.

नवा प्रोग्राम सुरू झाला त्याच आठवड्यात काकू घरी आल्या. बाबांच्या युनियनमधल्या. त्या त्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत हे मला माहीत होतं. तक्त्यात नुसते नंबर होते. त्यातला त्यांचा कोणता, हे मी शोधलं नव्हतं.

"ब्रेक दिला गं पोरी. सात दिवस राहिले होते."

"पण दर वर्षी देतातच ना?"

"औंदा नसता दिला. आम्ही बायांनी सहाव्या महिन्यात एकेक करून मुद्दाम कार्डं हरवली. जुनं मशीन नव्या कार्डावर एकपासून मोजायचं, तवर आमचे खरे दोनशे चाळीस भरले असते. लई वर्षांनी हिकमत सापडली होती. आता मशीन बदललं म्हणं. कोण्या मेल्यानं बदललं काय की."

"मी बदललं," मी म्हणाले.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "म्हंजी ब्रेक मशीनमधीच लिवलाय?"

"हो."

"मग तेवढं लिवून दे. युनियननं ब्रेकवर केस टाकलीय. कंपनी कोर्टात म्हणती, काम कमी होतं म्हणून बसवलं. तू सांग, काम असू दे नाय तर नसू दे, नाव निघतंच."

मी तिथंच बसून दोन पानं लिहिली. आयुष्यभर घरात पत्रकं वाचली, तशीच ती उतरली. आम्ही, शोषण, यंत्रांची हुकूमशाही. काकूंनी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं.

"झ्याक लिवलंस. बापावर गेलीस. पण हे सांगतंय कोण?"

"म्हणजे?"

"तुझं नाव कुठंय? कुठं कामाला हायेस, काय केलंस? वकील तेच इचारंल. हे काय गेटवर वाटायचं पत्रक नाय."

गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामबद्दल बाहेर बोलणार नाही, असं नोकरीला लागताना मी लिहून दिलं आहे. नाव टाकलं की दुसऱ्या दिवशी मी घरी. "उद्या देते," मी म्हणाले.

दुसरा कागद तयार आहे. पाच वाक्यं, नावासकट, कामासकट. सही तेवढी राहिली आहे. मंगळवारी काकूंचा फोन आला होता. मी उचलला नाही.