बंदरावरचा दादा

गणपती यायला एकच दिवस उरला होता आणि मी बाप्पाशी अबोला धरून बसले होते. माझा थोरला भाऊ मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारी लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि दर गणपतीला घरच्या मूर्तीपुढे आपलं बंदर उभं करायचा. थर्माकोलची जेटी, जुन्या जाळ्याचे तुकडे, काथ्याचे दोर, टोकाला पेटणारं दीपगृह. त्यात आई मासळीची टोपली घेऊन बसलेली, बाबा जाळं विणताना आणि मी दोन वेण्या घालून भांडताना. तो स्वतः मात्र कधीच नसायचा. विचारलं की म्हणायचा, "मी आत शिरलो तर दिवे कोण लावणार?"

विसर्जन झालं की जो मागेल त्याला तो देखावा देऊन टाकायचा. यावरून मी त्याच्याशी कितीदा तरी भांडले. मग साध्या तापाचं निमित्त होऊन दादा गेला, आणि घरात त्याच्या हातचं एकही बंदर उरलं नाही. मागचं वर्ष दुःखात गेलं. यंदा आई म्हणाली, देखावा नको, नुसता पाट मांडू. मला इतका राग आला की मी रिकाम्या मखराकडे बघून म्हटलं, "तुझ्यासाठी तो एवढा राबला, त्याची एक वस्तू तुला आमच्यापाशी ठेवता आली नाही?"

त्याच दुपारी, हरतालिकेच्या दिवशी, चिपळूणची एक बाई दारात आली. शेजाऱ्यांची पाहुणी, शिवणकाम करणारी. मागे एकदा गणपतीला आली असताना आमच्या देखाव्यापुढून हलेना, म्हणून दादाने तो तिलाच दिला होता. तिच्या हातात चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं होतं.

"दादा हायत का? ह्यातला दिवा पेटत नाय."

"तो गेला गो बाय," आई म्हणाली. बाई पायरीवरच बसली.

मग तिने चादर सोडली, आणि मी धावत पुढे झाले. तेच बंदर! तिच्या घरात पुराचं पाणी शिरलं, गाद्या, धान्य, शिलाई मशीन सगळं बुडालं, हे मात्र तरंगत राहिलं, असं ती सांगत होती. सुटलेल्या होड्या तिने पुन्हा चिकटवल्या होत्या. मी अधाशासारखी एकेक बघत गेले. आई, बाबा, वेण्यांतली मी. आणि माझ्या शेजारी, दीपगृहाच्या पायथ्याशी, कापडाचा आणि तारेचा चौथा माणूस उभा होता. निळा सदरा, बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांवर तारेचा चष्मा.

"ह्यो कोण?" आईने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"मीच केलाय, मावशी. बंदर त्यांनी केलान आणि त्यांनाच जागा नाय, ता बरा दिसना."

मी रडत होते आणि हसतही होते. त्याच धांदलीत दीपगृहाची गंजलेली तार सोलली, दादा करायचा तशी नवी जोडली. दिवा लागला तेव्हा मी लहान पोरीसारखी ओरडले. संध्याकाळी मखरात बंदर मांडलं, दुसऱ्या दिवशी बाप्पा आला, आणि आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या वर होता.

बाई म्हणाली होती, आता हे तुमच्यापाशीच राहू दे. हेच तर मी मागितलं होतं. पण गणपतीचे ते दिवस दादाकडे बघता बघता माझी मूठ आपोआप सैल झाली. आमच्या घरात राहिलं असतं तर त्या बंदरावर दादा कधीच आला नसता. विसर्जनानंतर मी ते चादरीत बांधलं आणि स्वतः चिपळूणला नेऊन दिलं. बाप्पाने हा योग कसा जुळवला ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारतही नाही. हात जोडते, एवढंच.

आता पुढच्या गणपतीसाठी थर्माकोल आणलाय. जेटी अजून वाकडीच होते आहे. कापडाचा दादा मात्र करून झालाय.