भागाबाईचं नाव गाणारे बुरामाकाका

बुरामाकाकांची आणि माझी पहिली भेट शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, बसच्या थांब्यावर झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. हातात किराण्याच्या पिशव्या घेऊन मी उभा होतो आणि शेजारी हे गृहस्थ एक मोठं वाद्य सांभाळत होते. अर्धा भोपळा, त्यावर कातडं, वर लांब दांडी. तंबोऱ्याचा आफ्रिकेतला भाऊ समजून मी चौकशी केली. त्याला कोरा म्हणतात, असं सांगून त्यांनी लगेच माझं आडनाव विचारलं.

नागपूरच्या बौद्ध घरातल्या माणसाला आडनाव कशासाठी विचारतात, हे सांगायला नको. इथंही पिच्छा सुटत नाही म्हणून मी चिडलोच. तुटकपणे "गजभिये" म्हणालो. ते मात्र छातीवर हात ठेवून "गजभिये, गजभिये" म्हणत राहिले. काका पश्चिम आफ्रिकेतले मांडिंग; त्यांच्या लोकांत समोरच्याचं आडनाव पुन्हा पुन्हा घेणं हाच आदराचा नमस्कार, हे मला नंतर कळलं.

काका पिढीजात जेली, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवून गाणारे. ही विद्या जन्मानंच मिळायची, तरी त्यांनी माझ्या सुजाताला मायेनं शिकवली. तार चुकली तर रागावत नसत. गाण्यातलं एखादं नाव गाळलं, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून. "डॅडी, काका इज सो स्ट्रिक्ट," ती कुरकुरायची. तीच तापानं पडली तेव्हा काका बर्फातून बस बदलत येऊन तिच्या उशाशी वाजवत बसले होते.

माझे बाबा नागपूरहून आले, तेव्हा काकांनी मोठ्या उत्साहानं त्यांच्या पूर्वजांची नावं विचारली. बाबांचा चेहरा उतरला. गावानं आमच्या माणसांना कधी नीट नावानं हाकच मारली नव्हती.

"त्यांना सांग, आमची वंशावळ दीक्षेपासून सुरू होते. त्याआधीचं गाण्यासारखं काही नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. काका थोडा वेळ तारा जुळवत राहिले. मग म्हणाले, "विचार त्यांना, दीक्षेला त्यांचा हात धरून कोणी नेलं?"

"माझ्या आईनं," बाबा म्हणाले. "भागाबाईनं."

काकांनी त्याच नावानं गाणं सुरू केलं. बाबांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बाबा आता नाहीत. काका साठीचे झाले. फोन केला की आधी "भागाबाईचे नातू" म्हणतात, मगच तब्येत विचारतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. सुजाताला पणजीचं ते गाणं अजून पुरतं बसलेलं नाही. तिनं चुकावं आणि काकांनी पहिल्यापासून म्हणायला लावावं, अशी पुष्कळ वर्षं जावोत.