खडूच्या रेघा

बापूराव ढमढेरे यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सगळी नोकरी एकाच कामावर केली: दुसऱ्यांनी केलेलं काम तपासणं. समोर ट्रे येई. ते एकेक नग उचलत, फिरवून पाहत आणि तपासून झालेल्या नगावर खडूची रेघ ओढत. एक नग खराब निघाला की अख्खा ट्रे परत. कारणं ऐकून घेत नसत.

निवृत्तीनंतर ट्रे गेले, नजर राहिली. मेथीच्या जुडीची गाठ सोडून ते आतली पानं बघू लागले की त्यांच्या पत्नी शर्मिलाताई म्हणत, "अहो, जुडी आहे ती. उडणार नाही."

त्यामुळे मुलीने, उत्कर्षाने, लग्न करायचं म्हणून एका मुलाचं नाव सांगितलं, तेव्हा पुढे काय होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अभिनव भोयर. मूळ यवतमाळचा, नोकरी खराडीला, भाड्याची खोली विश्रांतवाडीत. सुट्टीच्या दिवशी लोकांना डोंगरावर घेऊन जातो.

"पुढच्या रविवारी चहाला बोलावते," उत्कर्षा म्हणाली.

"चहाच्या कपासमोर सगळेच सभ्य असतात."

"मग काय, ट्रेमध्ये घालून पाठवू? हे बघा बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. पण कारण खरं पाहिजे."

बापूरावांनी विश्रांतवाडीला जाऊन घरमालकाकडे चौकशी केली. मुलगा भाडं वेळेवर देतो, पार्किंगवरून भांडत नाही, आरडाओरडा नाही. एवढं ऐकल्यावर त्यांचा संशय बळावला. ज्याच्याबद्दल कोणीच वाईट बोलत नाही, त्याला अजून नीट कोणी पाहिलेलंच नाही, असा त्यांचा अनुभव होता. रोज पहाटे चतुःशृंगीची टेकडी चढत असल्याने पायांची काळजी नव्हती. त्यांनी अभिनवच्या पुढच्याच ट्रेकला नाव नोंदवलं, तेही थोरल्या भावाचं: दत्तोबा. घरी सांगितलं, जुन्या मित्रांबरोबर सहल आहे. अडचण आली तर कळवायला फॉर्मवर घरचा नंबर मागितला होता. तो मात्र सवयीने खरा दिला.

बस शिवाजीनगरहून सुटली. अभिनव उंच, सडपातळ, कमी बोलणारा निघाला. त्याने कोणाचंच ओळखपत्र पाहिलं नाही. बापूरावांनी मनातल्या मनात पहिली नोंद केली. आपणच खोट्या नावाने बसलो आहोत, याचा त्या नोंदीशी त्यांनी संबंध जोडला नाही.

भोरच्या पुढच्या वाघजाईच्या डोंगराला पुण्याची गर्दी अजून पोचलेली नाही. खिंडीपर्यंत बैलगाडीची वाट आहे. तिथून दोन फाटे फुटतात. उजवीकडचा रुंद, मळलेला, सावलीचा. डावीकडे सरळ डोंगराची सोंड उठते. तिथे पिवळं गवत, खडक आणि कोणीतरी कधीकाळी काढलेले बाण. रंग इतका उडालेला, की बाण आहे असं आधी सांगावं लागतं.

"उजवीकडे कोणी जाऊ नका," अभिनव म्हणाला. "ढोरवाट आहे. पुढे कड्यावर जाऊन संपते. आपण सोंडेने चढू. दहा मिनिटं बसा, पाणी प्या. काका, तुम्ही पाणी पिऊन राहिले ना?"

बापूराव पाणी पीत नव्हते, विचार करत होते. एवढी चांगली वाट असताना हा घसाऱ्यावरून का नेतो? मर्दुमकी दाखवायला? ते "आलोच" म्हणून झुडपाआड गेले आणि तिथून ढोरवाटेला लागले. खिशात खडू होता. दर पाच-सहा पावलांवर दगडावर एक रेघ ओढत ते चालले: इथवर पाहून झालं. एका वळणानंतर वाट निसरड्या मुरमावर आली आणि पुढे संपली. खाली नुसती दरी. मुलगा खरं बोलला होता. बापूरावांना किंचित निराश वाटलं. ते तसेच परत आले.

सोंड मात्र सोपी नव्हती. दोन्ही बाजूंना उतार, मधे गाढवाच्या पाठीएवढी जागा. एका ठिकाणी सुट्या दगडावरचा बाण दरीकडे रोखलेला दिसला. बापूराव थबकले, पण त्यांनी काही म्हणायच्या आत अभिनवने तो दगड दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "पावसात गडगडला असेल," तो म्हणाला. बापूरावांनी यात खोट शोधली. सापडली नाही.

अर्ध्यावर नम्रता नावाच्या मुलीच्या बुटाचा तळ उचकटला. बूट दोरीने बांधून ती दहा पावलं चालली आणि मग म्हणाली, "मी खिंडीत जाऊन बसते. एवढं उतरता येईल मला."

अभिनवने खाली पाहिलं. खिंड तिथून स्पष्ट दिसत होती. "जा. झाडाखाली बस. हलू नको."

एकटीला सोडलं. बापूरावांनी ही नोंद ठळक केली. पुढची सगळी चढण ते हलक्या पायांनी चढले. माथ्यावर वाघजाईच्या शेंदरी दगडापुढे सगळ्यांनी फोटो काढले. बापूराव मागे उभे राहून उत्कर्षाला सांगायची वाक्यं जुळवत होते. खरं कारण पाहिजे ना? हे घे.

उतरून आले तर झाडाखाली नम्रताची बाटली होती, नम्रता नव्हती.

अभिनवने शिट्टी वाजवली. ढोरवाटेच्या बाजूने बारीक आवाज आला. तो पळाला. मागे बापूराव. मुरमाच्या उतारावर नम्रता एका कारवीच्या झुडपाला धरून बसली होती. पायाखालची माती सुटत होती.

"तिथेच बस. खाली बघून राहिली का तू? माझ्याकडे बघ," अभिनव म्हणाला. आडवं झोपून त्याने दोरी टाकली आणि तिला ओढून घेतलं. तिचा गुडघा सोलवटला होता, बाकी काही नाही.

"खुणा होत्या," ती रडत म्हणाली. "ताज्या. मला वाटलं, गावात उतरायची सोपी वाट असेल."

सगळे रेघांभोवती जमले. "गाववाल्यांचं काम," एकजण म्हणाला. "आपण वाट चुकलो की वाटाड्याचे पैसे मिळतात यांना." दुसऱ्याला दुसऱ्या ट्रेकवाल्यांचा संशय आला. शिव्या सुरू झाल्या.

"चूक माझी आहे," अभिनव म्हणाला. "हिला एकटं सोडायला नको होतं. वाट दिसत होती म्हणून सोडलं. तरी नको होतं."

बापूरावांनी हात खिशात घातले.

अभिनवने रुमाल ओला केला आणि एकेक रेघ पुसली. मग म्हणाला, "काका, तुम्ही माझ्यापुढे चाला. मला दिसत राहा."

पायथ्याला बस उभी होती. बाकीचे चढत असताना त्याने बापूरावांना बाजूला घेतलं. "हात दाखवा."

नखांच्या कडांना पांढरं होतं.

"माझ्यावर विश्वास नव्हता, ठीक आहे," अभिनव म्हणाला. "विचारलं असतं तर मीच दाखवून आणलं असतं. यापुढे माझ्या ट्रेकला येऊ नका."

"एका चुकीसाठी?"

"दोन. वर लोक गाववाल्यांना शिव्या देऊन राहिले होते, तेव्हा तुम्ही गप्प होते."

बापूरावांनी आयुष्यभर इतरांचे ट्रे परत पाठवले होते. परत जाणाऱ्या ट्रेला कसं वाटत असेल, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. तरीही एक शेवटची तपासणी त्यांनी करून घेतली. "माझं नाव दत्तोबा नाही. बापूराव ढमढेरे. उत्कर्षाचा बाप."

आता हा वितळेल, हसेल, पाया पडेल. पडला तर नापास.

अभिनवने दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. "मग रविवारी घरी भेटू," तो म्हणाला. "ट्रेकला नाही. आणि बसमध्ये बसायच्या आधी नम्रताला सांगा."

त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, बसच्या दारात उभं राहून. नम्रता गुडघ्यावरची पट्टी दाबत म्हणाली, "शाळेत मास्तर होतात का, काका?"

"नाही."

"पोरं वाचली."

घरी त्यांनी उत्कर्षाला सगळं सांगितलं. नम्रताला एकटं सोडल्याचं आणि खडूचंही.  ती म्हणाली, "म्हणजे नाही म्हणताय?"

"त्याची एक, माझ्या दोन," बापूराव म्हणाले. "येऊ दे चहाला."

लग्नाला आता वर्ष झालं. डोंगरावर बापूराव पुन्हा गेलेले नाहीत. जावयाने मनाई उठवलेली नाही आणि त्यांनी विनंती केलेली नाही. एक शंका मात्र अजून आहे. घरचा नंबर त्यांनी खरा दिला होता. तो पाहून पोराने आधीच ओळखलं होतं की काय? एकदा जेवताना त्यांनी विचारलंच.

"तुम्हाला काय वाटते?" अभिनव म्हणाला आणि वाटी आमटीसाठी पुढे केली.

बापूराव त्याच्याकडे अजूनही मधूनच रोखून बघतात.