दुखणं सांगून उतरायचं

बाबा रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते, पण मनातून ते शेवटपर्यंत वस्तादाचे चेलेच राहिले. कोल्हापूरकडच्या गावात लहानपणी ते लाठी शिकले होते. नेरूळला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी ते आणि काका काठ्या खेळायचे. काका त्यांच्याच गावचे, त्याच कारखान्यातले, दिघ्याला राहणारे. मीही शिकत होते. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका बघून हसायच्या, म्हणून मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून हात फिरवायचे.

"काय मॅडम," काका ओरडायचे, "टाकीला मारून काय उपेग? ती काय उलटून मारतीय व्हय? का इंग्लिश शाळेत असंच शिकवत्यात?"

आखाड्यातलं सगळं जगण्याला लावायची बाबांना सवय होती. रेशनच्या रांगेत कोणी घुसायला लागलं की ते मला हळूच सांगायचे, "हाताकडे नको बघू, खांद्याकडे बघ. हात फसवतो." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडण पेटलं की ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. चुकवता येणारा वार अंगावर घ्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेत मला सगळे घुमी म्हणायचे. बाबा म्हणायचे, "ती बोलत नाही, पण बघते. बघणारा फसत नाही." हे वाक्य मी चिलखतासारखं घालून फिरले.

एकच रीत मला आवडत नसे. खेळाआधी जमिनीला हात लावायचा आणि आपलं दुखणं समोरच्याला मोठ्याने सांगायचं. मग त्या जागी तो वार करायचा नाही. वस्तादांनी घालून दिलेला हा नियम बाबांनी नव्या मुंबईतही मोडला नाही. काका सांगायचे, "डावा खांदा. आणि घरी बायको रुसलीय, तिथं मारू नका." मी दरवेळी "काही नाही" म्हणायचे. मनगट सुजलेलं असलं तरी.

मी बारावीत असताना कारखान्यात गॅस गळला. बाबा आणि काका एकाच शिफ्टला होते. व्हॉल्व्ह बंद करायला काका आत गेले. व्हॉल्व्ह बंद झाला, काका बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ताटासमोर बसून म्हणाले, "खुंटीवर दोन मास्क होते. दोन्हींचे गॅस गाळायचे डबे संपलेले. आम्ही महिनाभर सांगत होतो." मग हात धुऊन उठले.

काकूंनी कारखान्याच्या पॅकिंगमध्ये नोकरीसाठी अर्ज केला होता. चूक काकांची नसेल तरच त्यांना घेणार होते. आणि काका आत जाताना जवळ फक्त बाबाच होते.

आठवड्याभरात सुपरवायझर घरी आले. बाबांच्या नावे टाइप केलेलं दोन पानांचं इंग्रजी निवेदन त्यांनी टीपॉयवर ठेवलं. "साहेब म्हणाले, घाई नाही, घरी वाचून सही करा. मुलगी इंग्लिश मीडियमची आहे ना? ती सांगेल समजावून. टेन्शन नका घेऊ." आईने चहा आणला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ज्या दोघांनी तोंड उघडलं त्यांना गेटवरूनच परत पाठवलं, हे सकाळी तिनेच मला सांगितलं होतं.

बाबा म्हणाले, "वाच. मग मराठीत सांग."

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की मयत कामगाराला चालू स्थितीतला मास्क दिला होता, आणि ताकीद देऊनही तो मास्क न लावता आत गेला. मी ते दोनदा वाचलं. सुपरवायझरचे खांदे कानांपर्यंत चढले होते. तो माणूसही घाबरलेला होता.

मी शिफ्टची वेळ सांगितली, गळतीची जागा सांगितली, काकांनी व्हॉल्व्ह बंद केला ते सांगितलं.

"मास्कचं?"

"मास्कबद्दल लिहिलंय."

"खरं लिहिलंय ना?"

"हो, बाबा."

त्यांनी सावकाश, मराठीत सही केली.

नंतर मी स्वतःला त्यांच्याच तत्त्वज्ञानाने समजावत राहिले. हरणारी लढाई सोडून द्यावी, आपली माणसं वाचवावीत. जुने लढवय्ये माघार घेतच होते की. हे सगळं इतकं नीट जुळत होतं की मी अभ्यासाला बसू शकले.

महिन्याने काकू आल्या. पायरीवरच थांबल्या. हातात त्या निवेदनाची झेरॉक्स होती, युनियनच्या माणसाने त्यांना वाचून दाखवलेली.

"भावजी, माझा अर्ज फेटाळला. ह्यांनी मास्क लावला न्हाई म्हणं. खाली तुमची सही हाय."

बाबांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हता, तरी बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना समजलं.

"सही माझीच आहे, वहिनी," ते म्हणाले.

"तुमी तिथं हुता."

"होतो."

काकूंना शिव्या द्यायच्या असाव्यात, पण त्या नुसत्याच जिना उतरून गेल्या.

दार लावल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी घाबरले होते. तुमची नोकरी..."

"मग ते सांगायचं. मी काय घाबरलो नव्हतो? तू सांगितलं असतंस तर आपण दोघांनी मिळून बघितलं असतं. तू माझा निर्णयच काढून घेतलास." आवाज चढला नव्हता. "वही आण. आता मी सांगतो, ते सगळं इंग्रजीत लिही."

मी लिहिलं. खुंटी, दोन मास्क, संपलेले डबे, महिनाभर केलेल्या तक्रारी. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मला अर्थ विचारला. एकेका ओळीचा दोनदा विचारला. मग खाली सही करून ते पत्र कारखान्याच्या ऑफिसात नेऊन दिलं.

त्या पत्राने काकूंचं काही भलं झालं नाही. एका माणसाची दोन उलटसुलट निवेदनं, म्हणून दोन्ही बाजूला ठेवली गेली. काकू दिघ्यातच एका शेडमध्ये बाटल्यांना लेबलं लावायला लागल्या आणि आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत. बाबांना आधी गोदामात टाकलं. मग एका सोमवारी गेटवर त्यांच्या हातात लिफाफा दिला.

लिफाफ्यातलं पत्र इंग्रजीत होतं. मी घरातच होते, टेबलाशी. बाबांनी ते खिशात घातलं, चपला घातल्या, आणि वाचून घ्यायला शिरवणे गावाच्या नाक्यावरच्या टायपिंगवाल्याकडे गेले.