मामांचं अरबी नाणं

आमच्या सौ.च्या मामांइतका उंब्रजवर जीव लावणारा माणूस खुद्द उंब्रजमध्येही दुसरा झाला नसेल. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी ऊस लावायला आले. पहिल्याच वर्षी सरी काढताना मातीत चांदीचं एक नाणं निघालं, त्यावर अरबी अक्षरं दिसली, आणि तेव्हापासून हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा सगळा व्यापार मामांच्या बांधावरून जाऊ लागला. अरबांची गलबतं कोकणात लागत, माल बैलांवर लादून कुंभार्ली घाट चढे आणि थेट उंब्रजला येऊन टेके. कराडला का नाही, हे विचारायची सोय नव्हती. खजूर हातावर ठेवला की म्हणत, "जावईबापू, ह्यो आपल्या गावाला नवा न्हाई." महाबळेश्वरला तर एका गोऱ्या पाहुण्याला गाठून त्यांनी "तुमचं वाडवडील कवा आमच्याकडं आलं हुतं का?" असं विचारलं आणि भाषांतर माझ्या गळ्यात मारलं. तो बिचारा नॉर्वेचा निघाला. मामांनी त्यालाही चहा पाजला.

एवढ्या बोलण्याला पुरावा एकच, आणि तो मामींच्या ताब्यात. शेतात चांदी निघाली म्हणजे लक्ष्मीच आली, असं म्हणून मामींनी ते नाणं त्याच दिवशी देवघरात, चांदीच्या टाकांशेजारी बसवलं होतं. मामांनाही ती जागा सुरक्षित वाटली.

अखेर माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक सांगलीहून नाणं बघायला आले. एका जाणत्या माणसानं 'हो' म्हणावं, एवढीच मामांची आयुष्यभराची इच्छा. त्यासाठी ते इस्त्रीचे कपडे घालून सकाळपासून बसले होते. प्राध्यापकांनी भिंग लावून नाणं उलटसुलट पाहिलं. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत होतं. तीस वर्षं दर सणाला मामींनी टाकांबरोबर तेही चिंच आणि राखेनं मनापासून घासलं होतं.

"यावर आता काही वाचता येत नाही," प्राध्यापक हळूच म्हणाले. "पुरावा म्हणून धरता यायचं नाही."

मामांकडे मला बघवेना. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. "आवं, काय म्हनालं सायेब?"

मामांनी नाणं त्यांच्या हातात दिलं. "लय जुनं हाय म्हनं. तू नीट जपलंस म्हनून ऱ्हायलं."

मामी हसल्या आणि नाणं देवघरात ठेवून आल्या.

त्यानंतर मामांनी अरबांचं नाव काढलं नाही. एकदा मीच विषय काढला, तर स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "नगं जावईबापू. पुन्ना कोन तरी बघाया येईल, आन् तिला खरं कळंल."

पुढे दोनच वर्षं मामा होते. त्या दोन वर्षांत उंब्रजला कुठूनही काही आलं नाही.