ज्यूसचा कारखाना

पातळ पदार्थांवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशय घेणारा माणूस अख्ख्या इंदिरानगरात सापडणार नाही. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. विमानं सुटली, तपासणी सुटली नाही. खोकल्याचं औषध ते आधी हुंगतात, मग बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचतात आणि शेवटी खोकतच बसतात. आमच्याकडचा चहासुद्धा बशीत ओतून, उजेडाकडे धरून, "रंग जरा जास्तच लाल आहे," असं बजावून पितात. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, दिंडोरीकडच्या सासरच्या द्राक्षबागेत, नवऱ्याबरोबर वायनरी काढली! काकांनी सोसायटीत सांगून टाकलं, "ज्यूसचा कारखाना आहे," आणि स्वतः तिकडे फिरकलेच नाहीत. मुलगी फोनवर बोलावून बोलावून थकली. तिला त्यांना काही पाजायचं नव्हतं. बापानं एकदा येऊन आपलं काम बघावं, वाइनला वाइन म्हणावं, एवढंच हवं होतं बिचारीला.

शेवटी एका रविवारी काका निघाले, तेही मला बरोबर घेऊन. "तुम्ही प्या, मी बघतो," म्हणाले.

मुलीनं माझ्यापुढे ग्लास मांडले. "दादा, आधी वास घ्या. पेरूचा येतोय ना?" मला येत होता तो काकांच्या बामचा. पुढच्या ग्लासात म्हणे मिरी होती, त्याच्या पुढच्यात ओलं लाकूड. मी सगळ्यालाच "हो, हो" म्हणत गेलो आणि पेरूच्या ग्लासाला मिरी म्हटल्यावर जावई नम्रपणे खिडकीबाहेर बघू लागले. "पेरू झाला, मिरी झाली," काका माझ्या कानात कुजबुजले, "मग द्राक्षं गेली कुठं?" मी पुन्हा ग्लासात नाक घातलं.

एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यानं घोट घेतला, गालात घोळवला आणि समोरच्या भांड्यात थुंकला. काका ताडकन उठले.

"अहो, थुंकता काय? माझ्या मुलीनं केलेली वाइन आहे ही!"

मुलगी बाटली तिरकी धरून तशीच उभी राहिली. माझा ग्लास भरून टेबलावर सांडायला लागला, तरी तिला भान नव्हतं.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "चव घेऊन थुंकायचीच पद्धत असते."

"फार छान आहे हो काका," पाहुणाही गडबडला.

"मग गिळा की!"

पण आपल्या तोंडून काय निघालं हे तोवर काकांच्या लक्षात आलं असावं. ते गोंधळले, आणि त्या गोंधळात मुलीपुढे त्यांनी उजव्या हाताची ओंजळ केली. तिनं चार थेंब घातले. काकांनी डोळे मिटून ते घेतले आणि सवयीनं हात डोक्यावरून फिरवला. तोंड वाकडं झालं. "तुरट आहे," ते म्हणाले. "पण बिघडलेली नाही." तपासणी विभागात याहून मोठी शाबासकी नसते, हे त्या मुलीला ठाऊक होतं. ती रडत होती की हसत होती, मला नीट कळलं नाही.

परतल्यावर पार्किंगमध्ये कुणीतरी विचारलं, "काका, कुठं जाऊन आलात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्यूसच्या कारखान्यात," म्हणाले.

मुलीनं दिलेली बाटली त्यांनी माझ्याकडे ठेवली आहे. "आमच्याकडे देव आहेत हो," हे कारण. आमच्याकडे नाहीत, असं त्यांना का वाटतं कोण जाणे. पण अधूनमधून दुपारचे ते खाली येतात, बाटली उजेडाकडे धरतात, भिंग लावून तिच्यावरचं मुलीचं नाव वाचतात आणि रुमालानं पुसून जागच्या जागी ठेवतात. एकदा मी विचारलं, "उघडायची का, काका?"

"नको हो," ते म्हणाले, "संपेल." आणि चहा न घेताच जिना चढून गेले.